ठाण्यातल्या क्लासवाल्यांना एका लॅब असिस्टंटचं खुलं पत्र

गोखले रोड, राम मारुती रोड, नौपाडा, वर्तकनगर आणि आता घोडबंदर रोडच्या दर दुसऱ्या कॉम्प्लेक्समध्ये अकरावी-बारावी सायन्सचे क्लास चालवणाऱ्या सगळ्या सर-मॅडमना सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातल्याच एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्सचा लॅब असिस्टंट आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, उगाच कोणीतरी तेच धरून बसेल आणि मुद्दा राहील बाजूला. शिक्षक नाही मी. मुलं काका म्हणतात, आणि बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी तर फारच प्रेमाने म्हणतात.

दहावीचा निकाल लागला की तुमचे बॅनर लागतात. डावीकडे ९९ पर्सेंटाइलवाली पोरं पासपोर्ट फोटोत, उजवीकडे आइन्स्टाइन, न्यूटन, मेरी क्युरी, सी. व्ही. रामन, होमी भाभा, आणि मधोमध हाताची घडी घालून तुम्ही. एका पत्रकावर तर रामन म्हणून डॉ. राधाकृष्णन यांचा फोटो छापलेला, पगडी दिसली ना, बस झालं. आणि ते माशाला झाडावर चढायला सांगू नका टाइपचं वाक्य, खाली आइन्स्टाइनचं नाव. ते वाक्य आइन्स्टाइन कधी बोलल्याचा किंवा लिहिल्याचा काही पुरावा नाही. आइन्स्टाइन गणितात नापास झाला होता हे जे तुम्ही पहिल्या लेक्चरला सांगता तेही खरं नाही, पंधरा वर्षांचा व्हायच्या आत तो कॅल्क्युलस शिकून मोकळा झाला होता. असो, ह्याबद्दल भांडायला नाही लिहीत.

माझं भांडण वेगळंच आहे. ज्यांचे फोटो तुम्ही लावता त्यांचं आयुष्य ज्या खोलीत गेलं ती खोलीच तुम्ही पोरांच्या टाइमटेबलमधून काढून टाकली आहे. टाय-अप काय, इंटिग्रेटेड काय, नाव काहीही द्या, मुलगा सकाळी सातला क्लासला जातो आणि संध्याकाळी दमून घरी येतो आणि कॉलेजची पायरी तो चढतो ती जानेवारीत, जर्नलवर सही घ्यायला. तुम्ही त्यांना सांगता की प्रॅक्टिकलचे तीस मार्क काय, ते कॉलेजवाले देतातच. देतातही, खोटं कशाला बोलू. पण मग रामनचा फोटो कशाला?

रामनचंच घ्या. १९०७ साली एम. ए. झालेला हा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा सरकारी फायनान्सच्या परीक्षेला बसला आणि कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाला. त्या काळात फिजिक्समध्ये करिअर नावाची गोष्टच नव्हती आपल्याकडे, चांगली नोकरी म्हणजे सरकारी, आजच्यासारखंच. ट्रामने जाताना त्याला बोबाजार स्ट्रीटवर पाटी दिसली, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉ. महेंद्रलाल सरकारांनी १८७६ मध्ये काढलेली संस्था, व्याख्यानं व्हायची, पण उपकरणं बरीचशी धूळ खात पडलेली. रामनने दार वाजवलं आणि दार उघडलं ते आशुतोष डे नावाच्या माणसाने. आशुबाबू म्हणायचे सगळे त्यांना. तिथला सहाय्यक, म्हणजे माझ्याच जातकुळीतला माणूस, कॉलेजची डिग्री वगैरे काही नाही. पुढची पंचवीसेक वर्षं रामनच्या प्रयोगांना हाताखाली हेच आशुबाबू होते.

मला ही गोष्ट वाचली तेव्हापासून फार आवडते, आता ह्यात माझा स्वार्थ आहे हे उघडच आहे. पण जरा बघा ना, रामन सकाळी ऑफिसच्या आधी त्या लॅबमध्ये, मग दिवसभर सरकारचे हिशेब, आणि ऑफिस सुटलं की परत लॅबमध्ये रात्रीपर्यंत. मध्ये रंगूनला बदली झाली, मग आपल्या नागपूरला झाली. १९११ ला परत कलकत्ता. असं दहा वर्षं. १९१७ मध्ये युनिव्हर्सिटीने प्रोफेसर म्हणून बोलावलं तेव्हा पगार जवळजवळ निम्मा होणार होता, तरी गेला. तुमच्या काउन्सेलिंग टेबलवर एखाद्या मुलाने असला निर्णय सांगितला तर आईबापांना फोन जाईल त्याच्या.

१९२१ मध्ये इंग्लंडहून बोटीने परत येताना भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून त्याच्या डोक्यात आलं की हे नुसतं आकाशाचं प्रतिबिंब नाही. खिशात निकोल प्रिझम होता, चमक गाळून बघायचा स्फटिक. बोटीवर, खिशात, प्रिझम! तो डोळ्याला लावून त्याने परावर्तित प्रकाश बाजूला काढला आणि बघितलं तर पाणी निळंच, उलट जास्तच निळं. तिथून पुढे सात वर्षं प्रकाश द्रवांतून कसा विखुरतो ह्याच्या मागे. विद्यार्थ्यांच्या लक्षात येत होतं की मूळ रंगाशिवाय आणखी एक फिकट काहीतरी दिसतंय, आधी वाटलं द्रवात कचरा असेल, म्हणून तोच द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला तरी ते फिकट काहीतरी जाईना. २८ फेब्रुवारी १९२८ ला नक्की झालं की विखुरताना थोडा प्रकाश खरोखरच रंग बदलतो, हाच तो रामन इफेक्ट. सोबत के. एस. कृष्णन. प्रकाश सूर्याचा, आरशाने आत घेतलेला, एक निळा-जांभळा फिल्टर, एक पिवळा-हिरवा फिल्टर, आणि बघायला डोळे. नंतर मर्क्युरी लॅम्प आणला आणि स्पेक्ट्रोस्कोपमध्ये रेषा स्वच्छ दिसल्या. १९३० ला नोबेल. कोट्यवधी फोटॉनमधले एखाद-दुसरे असे रंग बदलून येतात, ते ह्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पकडले कारण वर्षानुवर्षं अंधाऱ्या खोलीत बसून ते डोळे तयार झाले होते.

आमच्याकडे सोडियम लॅम्प आहे. चालू केला की आधी गुलाबीसर लाल दिसतो, त्यातल्या निऑनमुळे, मग सोडियमची वाफ होत जाते तसा पाच-दहा मिनिटांनी हळूहळू पिवळाधमक होतो. दरवर्षी कोणीतरी पोरगं ओरडतं, काका लॅम्प खराब आहे. मी म्हणतो थांब. पण त्याला थांबायला वेळ नसतो, पावणेबाराला त्याची तुमच्याकडे टेस्ट असते, रिक्षा खाली उभी असते, तो बाजूच्याचं रीडिंग उतरवून निघून जातो. लॅम्प पिवळा होतो तेव्हा खोलीत मी एकटाच असतो. २८ फेब्रुवारीला मात्र तुमच्या सगळ्या क्लासच्या स्टेटसवर हॅपी नॅशनल सायन्स डे.

आता तुम्ही म्हणाल काका, सगळे काही हाताने काम करणारे नव्हते. बरोबर आहे, ते मी आधीच मान्य करतो, नाहीतर कमेंटमध्ये येईलच. जे. जे. थॉमसन, इलेक्ट्रॉनवाला, हाताने इतका धांदरट होता की एबेनेझर एव्हरेट नावाचा त्याचा असिस्टंट त्याला उपकरणाच्या जवळ फिरकू द्यायचा नाही. १८९७ मध्ये ज्या काचेच्या नळ्यांमध्ये इलेक्ट्रॉन सापडला त्या नळ्या एव्हरेटने फुंकून केलेल्या. वोल्फगांग पाउली हा थिअरीवाला तर लॅबमध्ये नुसता शिरला तरी काहीतरी फुटतं अशी ख्याती होती, ओटो स्टर्नने त्याला आपल्या लॅबमध्ये यायला बंदीच केली होती, अर्धी मस्करी अर्धी खरी. आणि तुमचा लाडका आइन्स्टाइन! झ्युरिकला शिकत असताना पेर्नेट नावाच्या प्रोफेसरने त्याला प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यात कमी मार्क दिले, म्हणजे १, आणि वर लेखी ताकीद, कारण हा यायचाच नाही. एकदा आला तर स्फोट होऊन हात जखमी करून घेतला.

पण त्याच आइन्स्टाइनने पुढे स्वतः लिहून ठेवलंय की झ्युरिकला त्याचा बराचसा वेळ दुसऱ्या लॅबमध्ये, वेबरच्या, जायचा आणि तिथे प्रत्यक्ष अनुभवाला भिडण्यात तो रमून जायचा. बुडवायचा ती लेक्चरं आणि पेर्नेटची प्रॅक्टिकलं. घरची पार्श्वभूमी बघा, बाप आणि काका डायनामो आणि मीटर बनवण्याच्या धंद्यात. १९०० ला पास झाला, असिस्टंटशिप कोणी दिली नाही, दोन वर्षं शिकवण्या आणि तात्पुरत्या नोकऱ्या करत काढली आणि १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट ऑफिसात तिसऱ्या श्रेणीचा टेक्निकल एक्सपर्ट म्हणून चिकटला. काम काय, तर लोकांनी पाठवलेल्या यंत्रांची ड्रॉइंग बघून हे चालेल का आणि ह्यात नवीन काय हे ठरवायचं. १९०५ चे सगळे पेपर त्या खुर्चीत असतानाचे. म्हणजे नुसतं डोक्याने काम करणारा जो सगळ्यात मोठा माणूस तुम्ही दाखवता तोही वस्तूंच्या, यंत्रांच्या गराड्यातच होता. एमसीक्यू सोडवत नव्हता.

रदरफर्डचा गोल्ड फॉइल प्रयोग तुम्ही चौदा मिनिटांत संपवता, माझ्या भाच्याने व्हिडिओ दाखवला मला. चांगला शिकवलाय, ॲनिमेशन झकास आहे. पण तो कसा झाला ते सांगत नाही तुम्ही. मँचेस्टरला १९०९ मध्ये मार्सडेन नावाचा वीस वर्षांचा पोरगा होता, अजून डिग्रीसुद्धा नव्हती हातात. रदरफर्डचा सहकारी गायगर त्याला म्हणाला ह्याला काहीतरी छोटं काम द्यायला हवं. रदरफर्ड म्हणाला बघू दे त्याला अल्फा कण धातूच्या पातळ पत्र्यावर आदळून मोठ्या कोनातून मागे फिरतात का. फिरतील असं कोणालाच वाटत नव्हतं, पोराचा हात बसावा म्हणून दिलेलं काम. मग काय, अंधाऱ्या खोलीत आधी बराच वेळ नुसतं बसायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत, मग मायक्रोस्कोपला डोळा लावून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर चमकणारे बारीक ठिपके मोजायचे, थोड्या वेळाने डोळा दमतो, मग दुसऱ्याने बसायचं. आणि साधारण आठ हजारांत एक कण खरोखरच मागे येत होता. त्या एकावरून १९११ मध्ये अणूचं केंद्रक निघालं.

तुमच्या हिशेबाने आठ हजारांत एक म्हणजे निग्लिजिबल, ऑप्शन सी.

आणि जर्नलचं तर काय बोलू. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्यांकडे आख्खं जर्नल रेडीमेड मिळतं, रीडिंगसकट, ग्राफसकट, आणि काही क्लास तर ॲडमिशनच्या किटमध्ये बॅग आणि टीशर्टबरोबर देतात. तीसच्या बॅचमध्ये तीस मुलांचा नल पॉइंट, म्हणजे मीटर ब्रिजच्या तारेवर काटा शून्यावर येतो ती जागा, ४७.३ सेंटिमीटरवर. एकाच्या तरी वायरला आपला स्वभाव असावा की नाही? मायकेल फॅरेडेने जी डायरी ठेवली तिच्यातल्या परिच्छेदांना तो नंबर घालायचा, ते नंबर सोळा हजारांच्या वर गेले. फसलेले प्रयोगही त्यात आहेत, काही दिसलं नाही असं लिहिलेले. मेरी क्युरीच्या वह्या आज पॅरिसला शिशाच्या पेट्यांत ठेवल्यात कारण त्या अजून रेडिओॲक्टिव्ह आहेत. ह्याला म्हणतात जर्नल सर्टिफाय होणं.

फॅरेडेवर मी तासभर बोलू शकतो पण आवरतं घेतो. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, चौदाव्या वर्षी लंडनमध्ये बुकबाइंडरकडे उमेदवारी, बांधायला आलेली पुस्तकं वाचून सायन्सचं वेड. एका गिऱ्हाइकाने रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही ह्या केमिस्टच्या व्याख्यानांची तिकिटं दिली, ह्याने नोट्स काढल्या, आकृत्या काढल्या, स्वतः बांधणी करून डेव्हीला पाठवल्या. मग तिथला आधीचा असिस्टंट मारामारी करून बडतर्फ झाला (आमच्या व्यवसायाला हाही इतिहास आहे) आणि १८१३ च्या मार्चमध्ये ती जागा फॅरेडेला मिळाली, आठवड्याला २५ शिलिंग आणि माडीवर राहायला दोन खोल्या. काम काय, तर व्याख्यानाआधी मांडामांड आणि नंतर आवराआवर. युरोपच्या दौऱ्यावर डेव्हीची बायको त्याला नोकरासारखं वागवायची. अठरा वर्षांनी, २९ ऑगस्ट १८३१ ला, लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या घालून त्याने एकीला बॅटरी जोडली तेव्हा दुसरीकडची सुई हलली, आणि परत जागेवर आली. बॅटरी काढली तेव्हा पुन्हा हलली. प्रवाह चालू आहे तोवर काही नाही, जोडताना आणि तोडतानाच. त्या झटक्यावर आज ठाण्याची लोकल चालते. गणित त्याला फारसं येत नव्हतं, ते नंतर मॅक्सवेलने घातलं. तुमचा पोरगा ह्याच नियमाचं सूत्र, मायनस डी फाय बाय डी टी, झोपेतसुद्धा म्हणतो पण सुई कधी हलते विचारा, छताकडे बघतो.

मुलींबद्दल एक वेगळं बोलायचंय. माझ्या ऐकण्यात आलंय, एका क्लासमध्ये पालकांना सांगितलं की मुलगी आहे, प्रॅक्टिकलच्या फंदात वेळ घालवू नका, थेट कॉम्प्युटरला टाका. लिझ माइटनर १९०७ मध्ये व्हिएन्नाहून बर्लिनला आली, फिजिक्समध्ये डॉक्टरेट झालेली, तर तिथल्या केमिस्ट्री इन्स्टिट्यूटमध्ये बायकांना प्रवेशच नव्हता. म्हणून तिला तळघरातली सुताराची जुनी खोली दिली, वेगळ्या दाराने यायचं, वरच्या मजल्यावर पाऊल टाकायचं नाही, टॉयलेटला जायचं तर रस्त्यावरच्या हॉटेलात. त्या सुताराच्या खोलीत तिने ऑटो हानबरोबर किरणोत्साराचं काम सुरू केलं. पुढे १९३८ मध्ये ज्यू म्हणून जर्मनीतून पळून जावं लागलं, आणि त्याच वर्षी नाताळात स्वीडनमध्ये बर्फात भाच्याबरोबर, ऑटो फ्रिशबरोबर, चालताना तिने कागदाच्या कपट्यावर हिशेब मांडला की युरेनियमचं केंद्रक फुटतं आणि प्रत्येक वेळी साधारण २०० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा बाहेर पडते. १९४४ चं नोबेल एकट्या हानला.

आपल्याकडची बिभा चौधुरी तर तुमच्या बॅनरवर मी कधी बघितलीच नाही. कलकत्त्याची, १९३६ ची एम. एस्सी., वर्गात एकटी मुलगी. देवेंद्रमोहन बोसांबरोबर फोटोग्राफिक प्लेटा दार्जिलिंगला आणि संदकफूला डोंगरावर महिनोन्महिने ठेवायच्या, मग खाली आणून धुवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली कॉस्मिक किरणांनी ओढलेल्या बारीक रेघा मोजायच्या. नेचरमध्ये पेपर आले, इलेक्ट्रॉनच्या साधारण दोनशेपट वस्तुमानाचा कण. पण युद्ध चालू होतं, चांगल्या प्रतीच्या प्लेटा मिळेनात, काम अडलं. युद्धानंतर इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेलने त्याच पद्धतीने, चांगल्या प्लेटा वापरून पायॉन नावाचा कण शोधला आणि १९५० चं नोबेल घेतलं. बिभाला १९४९ मध्ये भाभांनी टीआयएफआरमध्ये, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, घेतलं, तिथली पहिली बाई. २०१९ मध्ये एका ताऱ्याला तिचं नाव दिलं. तारा वर गेला, खाली कोणाला माहीत नाही.

आणि रामनला मी वर एवढं चढवलंय तर हेही सांगतो, १९३३ मध्ये मुंबईची कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बी. एस्सी. ला पहिली येऊन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज करते तर डायरेक्टर रामन साहेब म्हणतात मुलींना घेत नाही. ती त्यांच्या ऑफिसपुढे सत्याग्रहाला बसली तेव्हा घेतलं, तेही पहिलं वर्ष प्रोबेशनवर. तिने काम असं केलं की रामनना धोरण बदलावं लागलं. फिजिक्सवाली नव्हती ती, बायोकेमिस्ट, केंब्रिजची डॉक्टरेट. मोठी माणसं काही ठिकाणी छोटी असतात, मुलांना तेही कळू दे की, बॅनरवर सगळेच देव कशाला.

भाभांचं थोडक्यात. ठाणे-वाशी गाडीने जाऊन पुढे मानखुर्दकडे निघालात की खाडीपुलावरून ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याशी ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. इंधन इंग्लंडहून आलं, पण भट्टी आणि तिची इन्स्ट्रुमेंट इथल्याच पोरांनी उभी केली. ह्या भाभांना वडिलांनी केंब्रिजला पाठवलं होतं मेकॅनिकल इंजिनियर होऊन जमशेदपूरला यावं म्हणून. मुलगा म्हणाला मला फिजिक्सच करायचंय. बापाने सांगितलं आधी इंजिनियरिंगला फर्स्ट क्लास आण, मग फिजिक्सचे पैसे देतो. १९३० मध्ये आणला. हे तुमच्या पालक-मीटिंगला सांगायला हरकत नाही, दोन्ही बाजू खूश होतील.

मला माहितीये, सीईटी काही मी रद्द करू शकत नाही आणि तुम्हीही नाही. आईबाप लाखभर रुपये फी भरतात ते पोरगा सीटवर लागावा म्हणून, सोनोमीटर वाजवायला नाही. तुमच्यातले कितीतरी जण स्वतः एम. एस्सी. फिजिक्स आहेत, रात्री नऊच्या बॅचनंतर घसा बसलेला असतो तरी डाउट सोडवत थांबता, हे मी बघितलंय. म्हणूनच लिहितोय. ज्याला कळणारच नाही त्याला पत्र कोण लिहील?

गेल्या जानेवारीत एक मुलगी आली. टाय-अपवाली, वर्षभर तोंड बघितलं नव्हतं तिचं. मीटर ब्रिज दिला, म्हणजे एक मीटर तारेवर रेझिस्टन्स काढायचं उपकरण. सर्किट जोडलं, चुकलं, परत जोडलं. रेझिस्टन्स बॉक्सचा प्लग सैल होता तो मी घट्ट फिरवायला सांगितला, कारण नुसता टेकवून ठेवला की तिथेच रेझिस्टन्स वाढतो आणि रीडिंग बोंबलतं. मग जॉकी, म्हणजे तारेला टेकवायची दांडी, हातात घेतली आणि तारेवरून घासत न्यायला लागली, सगळे तेच करतात, मी म्हटलं घासू नको गं, तार झिजते, टेकव आणि उचल. टेकव आणि उचल. काटा डावीकडे, मग थोडं पुढे गेली तर उजवीकडे, मग मागे. पन्नासच्या आसपास आली तसा काटा नुसता थरथरायला लागला आणि एका जागी टेकवली तर अजिबात हलला नाही. तिने उचलली, परत टेकवली, नाही हलला. माझ्याकडे बघून म्हणाली, काका, हे खरंच शून्यावर येतं? बाई गं, ह्या धड्याची तू तुझ्या क्लासमध्ये दीडएकशे एमसीक्यू सोडवली असशील. ९६ पर्सेंटाइल आहे तिला. मग शेजारच्या टेबलावरचा रेझिस्टन्स मागून घेतला आणि परत काढला नल पॉइंट, कोणी सांगितलेलं नसताना, आणि तिची क्लासची टेस्ट बुडाली त्या दिवशी. फोन आला तुमच्याकडून घरी. म्हणून हे पत्र.

तर मागणं काय ते लिहितो, लांबण पुरे.

एक म्हणजे शनिवारी सकाळी दोन तास टेस्ट लावू नका. दोनच तास. कॉलेजची बॅच त्या वेळेत बसवायला आमचे एचओडी तयार आहेत, मी विचारूनच लिहितोय, आणि बाकीच्या कॉलेजांतले लॅबवालेसुद्धा बहुतेक नाही म्हणणार नाहीत, रिकाम्या लॅबमध्ये बसून आम्हालाही कंटाळा येतो. दुसरं, किटमधून ते रेडीमेड जर्नल काढा, बॅग द्या, टीशर्ट द्या, छत्री द्या पाहिजे तर. आणि ज्यांना आमच्याकडे पाठवायचंच नाही त्यांनी निदान चार-पाच क्लास मिळून एक खोली घ्या, तीन हात नाक्यावरच्या एका होर्डिंगच्या भाड्यात चार मीटर ब्रिज, दोन पोटेन्शिओमीटर आणि एक सोडियम लॅम्प आरामात येईल. सामान कुठे चांगलं मिळतं, कोण मुलांच्या गळ्यात ढिल्या प्लगचे बॉक्स मारतो, हे मी सांगेन, फुकट. रविवारी येऊन मांडून पण देईन.

प्रॅक्टिकलचे मार्क मिळतातच हे वाक्य तेवढं लेक्चरमध्ये म्हणू नका. मिळतात, पण तुम्ही म्हणालात की पोरगं येतच नाही.

उत्तर द्यायचं असेल तर जूनमध्येच द्या. जुलैत अकरावीच्या ॲडमिशनची धांदल असते आणि ऑगस्टमध्ये तुमचं टाइमटेबल एकदा लॅमिनेट होऊन भिंतीवर लागलं की गणपतीपर्यंत कोणी त्याला हात लावत नाही.

कळावे,
फिजिक्स लॅबवाला काका
ठाणे (पश्चिम)